चौदा पानांची तक्रार आणि पाच आठवड्यांवरची तारीख

आदरणीय ताई,

आम्ही पुण्याचे, गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. एका दुपारी शाळेतून फोन आला की मुलीच्या दंडावर वळ आहेत आणि 'बाबांनी मारलं' असं तिने बाईंना सांगितलंय. संध्याकाळी पोलीस आणि सोशल वर्कर दारात हजर. आता दोन्ही मुलं फॉस्टर केअररकडे, म्हणजे मुलं तात्पुरती सांभाळणाऱ्या परक्या घरी आहेत. कोर्टाने इंटरिम केअर ऑर्डर (निकाल लागेपर्यंत मुलं काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, ताब्यात ठेवण्याचा तात्पुरता हुकूम) दिली आहे आणि पाच आठवड्यांनी पुढची मोठी तारीख आहे.

त्या सोशल वर्कर बाईंनी आमच्याशी जे केलं ते सांगायला जागा पुरणार नाही. पहिल्या रात्री माझी सगळी चौकशी फोनवरच्या हिंदी दुभाष्याकडून झाली. 'इंडियन आहात म्हणजे हिंदी येतंच' म्हणाल्या. मी त्यांना घरात येऊ दिलं नाही असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. मी फक्त वेळ बदलून मागितली होती, मेसेज आहे माझ्याकडे. मुलांची भेट ऐनवेळी दोनदा रद्द केली, का तर सुपरव्हायझर नाही. भेटीत इंग्रजीतच बोलायचं असा दंडक, आणि धाकट्याला मराठीशिवाय धड काही बोलता येत नाही. मुलं शाकाहारी, तिथे त्यांना चिकन नगेट्स. एकदा तर म्हणाल्या, 'तुमच्या लोकांत मुलांना मारणं नॉर्मलच असतं.'

मी रात्री जागून चौदा पानांची तक्रार लिहिली आणि काउन्सिलला पाठवली. चार ओळींचं उत्तर आलं: कोर्टाचं काम चालू आहे तोवर तक्रार घेता येणार नाही. आमच्या सॉलिसिटर म्हणतात, तक्रारीचा विषय तूर्त सोडा. नवरा म्हणतो, सोशल वर्करच बदलून मागू. पुण्याहून दीर म्हणतात, फेसबुकवर टाकू, चॅनेलवाल्यांना गाठू, नॉर्वेच्या वेळी सरकार हललंच होतं ना. आणि मला वाटतं, गप्प बसलो तर कोर्ट समजेल की यांना सगळं मान्य आहे. तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. काय करू?

— एक आई

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचलं आणि चौदा पानंही वाचली. छापताना काही तपशील गाळले, काही बदलले. त्याचं कारण दिरांच्या सल्ल्याबद्दल लिहीन तिथे येईल.

आधी सर्वांत अवघड गोष्ट बोलून टाकते. चौदा पानांत सोशल वर्करचं नाव पानोपानी आहे. मुलीच्या दंडावर वळ कसे उठले याबद्दल एक ओळ नाही. हे तुम्ही मुद्दाम केलं नसणार. घरातून दोन मुलं गेली की माणूस समोर दिसणाऱ्यावर तुटून पडतो, आणि तुम्हाला समोर त्या बाईच दिसतात. पण ही पानं तुमच्या आणि काउन्सिलच्या मध्येच राहतील असं समजू नका. काउन्सिलला पाठवलेला प्रत्येक ईमेल काउन्सिलच्या वकिलापर्यंत पोचू शकतो, तिथून कोर्टाच्या बंडलमध्ये (खटल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात) आणि मग न्यायाधीशांच्या टेबलावर. न्यायाधीश ती वाचतील तेव्हा सोशल वर्करची वागणूक त्यांना दुय्यम वाटेल. ते पाहतील ते हे, की या आईला मुलीच्या दंडाची काळजी किती आहे. शितावरून भाताची परीक्षा इथेही होते.

वळांबद्दल काय म्हणायचं ते मला लिहू नका, काउन्सिललाही सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय लिहू नका, कारण पोलिसांचा तपासही चालू असेल. पण सॉलिसिटरसमोर बसून सगळं खरं सांगा. इथे मला एक गोष्ट खटकली. तुम्ही 'आमच्या सॉलिसिटर' असं लिहिलंय. मुलगी म्हणते बाबांनी मारलं. अशा वेळी आई आणि वडील यांची कोर्टातली बाजू एकच असेलच असं नाही. ती वेगळी पडू शकत असेल तर दोघांना वेगवेगळे सॉलिसिटर लागतात. याचा अर्थ संसार मोडला असा होत नाही. तुम्हाला फक्त तुमच्यापुरता सल्ला देणारं माणूस असावं, एवढंच. केअर ऑर्डरच्या खटल्यात आईवडिलांना लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) मिळते आणि त्यासाठी मिळकत पाहत नाहीत, केस किती भक्कम आहे तेही पाहत नाहीत. त्यामुळे पैशांचं कारण आड येऊ नये. हे या आठवड्यात विचारा.

आता तक्रारीकडे येते.

काउन्सिलचं उत्तर उद्धट वाटलं तरी त्यामागे नियम आहे. इंग्लंडमध्ये मुलांच्या सेवांबद्दलच्या तक्रारी १९८९च्या चिल्ड्रेन ॲक्टखाली आणि २००६च्या नियमांप्रमाणे चालतात. तक्रार तपासल्याने चालू खटल्याला, पोलीस तपासाला किंवा एखाद्या कर्मचाऱ्यावरच्या शिस्तीच्या कारवाईला बाधा येणार असेल, तर काउन्सिल ती घ्यायचं नाकारू शकते. मात्र तिने कारण लेखी कळवायला हवं, आणि कोणत्या कारवाईमुळे थांबवलं तेही सांगायला हवं. काम संपल्यावर एक वर्षाच्या आत तीच तक्रार पुन्हा देता येते. एरवीसुद्धा, घटना घडल्यापासून वर्षभरात तक्रार द्यावी असा नियम आहे. म्हणजे तुमचा हक्क बुडालेला नाही, तो पुढे गेला आहे. सॉलिसिटर 'तूर्त सोडा' म्हणतात त्यात 'तूर्त' या शब्दाला वजन आहे.

पण हेही पाहा. नियम 'बाधा येणार असेल तर' असं म्हणतो. खटला चालू आहे म्हणून सरसकट सगळंच थांबवा, असं तो म्हणत नाही. चिकन नगेट्स थांबवल्याने कुठल्या न्यायाधीशाच्या निकालाला बाधा येणार? सुपरव्हायझर न आल्याने भेट रद्द झाली, ती भरून द्या म्हटल्याने कोणता पुरावा बिघडणार? तुम्ही सगळं एकाच पोत्यात भरून दिलंत आणि काउन्सिलने पोत्याचं तोंड बांधून ठेवलं. ते पुन्हा उघडायचं आणि आतला माल निवडून त्याचे तीन ढीग करायचे.

पहिल्या ढिगातल्या गोष्टी अशा आहेत की त्या न्यायाधीशांसमोरच जायला हव्यात, आणि आत्ताच. तुम्ही घरात येऊ दिलं नाही हे वाक्य त्यातलं पहिलं. त्या एका ओळीवर 'आई सहकार्य करत नाही' हा निष्कर्ष उभा राहतो, आणि त्या निष्कर्षावर पुढचे सगळे बेत. तक्रार विभागाने सहा महिन्यांनी दिलगिरी व्यक्त केली तर तिचा उपयोग काय? मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ दिसेल असा, आजच सॉलिसिटरकडे द्या. तो तुमच्या स्टेटमेंटला जोडला जाईल. गरज पडली तर सोशल वर्करना साक्षीच्या वेळी तुमचे बॅरिस्टर त्याबद्दल विचारतील. तुम्हाला हवा आहे तो जाब विचारण्याची ती खरी जागा आहे. शपथेवर, न्यायाधीशांसमोर.

पहिल्या रात्रीच्या हिंदी दुभाष्याचंही तसंच. तुम्ही काय म्हणालात याची नोंद त्या रात्री झाली आणि पुढचे सगळे कागद तिच्यावर रचले गेले. म्हणून सॉलिसिटरना सांगा की त्या मुलाखतीच्या मूळ नोंदी मागवा, कोण दुभाषी होता आणि कोणत्या भाषेत बोलणं झालं ते त्यात नमूद आहे का बघा. आणि यापुढे प्रत्येक सुनावणीला, प्रत्येक असेसमेंटला, सॉलिसिटरच्या भेटीलाही मराठी दुभाषी हवा, असं लेखी द्या. सुनावणीसाठी कोर्ट दुभाषी देतं. 'थोडं इंग्रजी येतं, चालेल' असं सौजन्यापोटी म्हणू नका. आपल्याकडे अडचण कबूल करायला लाज वाटते, पण अशा खोलीत दोन वाक्यं चुकीची कळली तर महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. नातेवाइकाला दुभाषी म्हणून बसवायचं नाही, तो कितीही हुशार असो.

थ्रेशोल्ड नावाचा कागद तुम्हाला मिळालाच असेल. मुलांना मोठी इजा झाली किंवा होण्याची शक्यता आहे, आणि ती आईवडिलांच्या देखभालीतल्या उणिवेमुळे, हे काउन्सिलला सिद्ध करायचं असतं. त्यासाठी तिचे जे आरोप आहेत ते त्या कागदात क्रमाने दिलेले असतात. तुम्ही विचारलंत ना, गप्प बसलो तर मान्य आहे असं समजतील का? तक्रार न केल्याने तसं कोणी समजत नाही. या कागदाला उत्तर दिलं नाही तर मात्र समजू शकतात. एकेका मुद्द्यापुढे लिहायचं: मान्य, अमान्य, किंवा अर्धवट मान्य आणि ते कसं. चौदा पानं लिहायला जागलात तेवढी एक रात्र या कागदासाठी जागा. इंटरिम ऑर्डर देताना कोर्टाला 'मानायला वाजवी कारण आहे' एवढंच पुरतं. शेवटच्या निकालाला तेवढ्यावर भागत नाही, तिथे काउन्सिलला प्रत्येक गोष्ट शाबीत करावी लागते. लढाई तिथे आहे. कायद्याने ही केस साधारण २६ आठवड्यांत संपवायची असते, त्यामुळे वेळ फार नाही.

दुसऱ्या ढिगातल्या गोष्टी मुलांच्या रोजच्या जगण्याच्या आहेत: जेवण, भेटी, भाषा. त्या ना न्यायाधीशांसाठी राखून ठेवायच्या, ना तक्रार विभागासाठी. त्या आजच्या आज सोडवून घ्यायच्या, आणि 'तक्रार' हा शब्दही न वापरता.

सांभाळायला घेतलेल्या मुलाचा धर्म, त्याची संस्कृती आणि भाषा यांचा विचार करूनच काउन्सिलने निर्णय घ्यायचे, हे चिल्ड्रेन ॲक्टच्या कलम २२मध्येच आहे. तेव्हा टीम मॅनेजरना, म्हणजे सोशल वर्करच्या वरिष्ठांना, एक छोटा ईमेल करा. मुलं मांस-मासे खात नाहीत, अंडं चालतं की नाही, धाकट्याला काय आवडतं, कशाची ॲलर्जी आहे. वरण-भात, पोळी-भाजी, दही-भात कसं करायचं ते चार ओळींत लिहून द्या, आणि भेटीच्या वेळी डबा आणला तर चालेल का, असं विचारा. फॉस्टर केअरर बाईंना शिव्या द्यायच्या नाहीत. बहुतेक वेळा त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि तुमची मुलं आत्ता त्यांच्याच हातचं जेवतात.

भेटींचं लिहायचं तेही असंच कोरडं. अमुक तारखेची आणि तमुक तारखेची भेट सुपरव्हायझर नसल्याने झाली नाही, ती कधी भरून देणार ते कळवा, आणि यापुढे असं होऊ नये म्हणून काय व्यवस्था केली तेही सांगा. कलम ३४प्रमाणे मुलांची आईवडिलांशी वाजवी भेट घडवणं हे काउन्सिलचं कर्तव्य आहे. भेट रद्द झाली त्याच संध्याकाळी ईमेल गेला पाहिजे, महिन्याने नाही. पुन्हा तसंच झालं तर सॉलिसिटर कोर्टाकडून भेटीचा आदेश मागू शकतात, आणि तेव्हा हे ईमेलच पुरावा होतील.

इंग्रजीच्या सक्तीवर रागावण्याआधी तिचं कारण समजून घ्या. सुपरव्हायझरला प्रत्येक भेटीची नोंद ठेवायची असते आणि तुम्ही मुलीला काय सांगताय हे तिला कळायला हवं. कारण रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा. चार वर्षांच्या पोराने आईशी परक्या भाषेत बोलायचं हे कुठल्याही न्यायाधीशाला पटणार नाही. मराठी जाणणारी सुपरव्हायझर किंवा दुभाषी द्या, अशी मागणी करा. आणि तो मिळाल्यावर भेटीत केसबद्दल एक शब्द नको. 'बाईंना काय सांगितलंस?', 'खरं काय ते जजला सांग हं', 'बाबा किती रडतात बघ', यातलं काही नाही. हे मी दरडावून सांगते आहे असं समजलात तरी चालेल. मुलीवर दबाव आणला अशी एक नोंद झाली की तुमचे बाकीचे सगळे खरे मुद्दे फिके पडतात. आणि नोंदीचं सोडा, नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आधीच केवढं ओझं असेल.

हे ईमेल पाठवूनही हललं नाही तर दोन माणसं आहेत, ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. एक म्हणजे इंडिपेंडंट रिव्ह्यूइंग ऑफिसर. मुलं काउन्सिलकडे आल्यापासून २० कामाच्या दिवसांत पहिली आढावा बैठक घ्यायची, मग तीन महिन्यांच्या आत दुसरी, आणि काउन्सिलने ठरवलेलं काउन्सिल पाळते का ते बघायचं, हे त्यांचं काम. बैठकीआधी जेवण, भेटी आणि भाषा हे तीन मुद्दे एका पानावर लिहून त्यांना द्या. दुसरी व्यक्ती मुलांची गार्डियन, म्हणजे कोर्टात मुलांच्या हिताची बाजू मांडणारी. ती कॅफकॅस या कोर्टाला मुलांबाबत सल्ला देणाऱ्या संस्थेकडून येते, काउन्सिलच्या पगारावर नसते आणि मुलांसाठी वेगळा सॉलिसिटरही ठेवते. कोर्ट तिच्या मताला फार मान देतं. तिच्याशी बोलताना सोशल वर्करची उणीदुणी काढत बसू नका. मुलांना काय हवंय ते सांगा. गार्डियनच्या अहवालातलं काही पटलं नाही, तर केस चालू असताना त्याचं उत्तरही न्यायाधीशांसमोरच द्यायचं असतं.

राहिला तिसरा ढीग. वागणूक. 'तुमच्या लोकांत मारणं नॉर्मलच असतं' हे वाक्य. ते खरोखर या शब्दांत म्हटलं गेलं असेल तर ते गंभीर आहे आणि मी ते सोडून द्या म्हणणार नाही. ते कोणत्या दिवशी म्हटलं, खोलीत कोण होतं, त्याआधी आणि नंतर काय बोलणं झालं, नेमके इंग्रजी शब्द काय होते, हे आठवतंय तोवर वहीत लिहून ठेवा आणि सॉलिसिटरना दाखवा. त्या वाक्यामागे आधीच बनवलेलं मत असेल आणि ते रिपोर्टमध्ये उतरलं असेल, तर बॅरिस्टर ते साक्षीत काढतील. तसं नसेल, नुसतीच उद्धट वागणूक असेल, तर तिची जागा केस संपल्यावरची तक्रार ही आहे.

त्या तक्रारीचा रस्ता लांब आहे, पण आहे. पहिली पायरी खात्यातच, १० कामाच्या दिवसांत, फार तर २०. समाधान नाही झालं तर दुसरी: एक तपास अधिकारी आणि सोबत काउन्सिलशी संबंध नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती, मुदत कामाचे २५ दिवस, गुंतागुंत असेल तर ६५पर्यंत. तिसरी पायरी म्हणजे रिव्ह्यू पॅनेल. मुलं ताब्यात घेण्याआधीच्या चौकशीबद्दलची गाऱ्हाणी बहुधा या तीन पायऱ्यांच्या पद्धतीत बसत नाहीत आणि काउन्सिलच्या नेहमीच्या तक्रार-पद्धतीने जातात. तेव्हा कोणता मुद्दा कुठे चालेल ते तक्रार अधिकाऱ्यालाच लेखी विचारा. सगळं संपल्यावर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारे स्वतंत्र अधिकारी, तेही फुकट. पण ओम्बड्समनला कोर्टात चाललेल्या किंवा कोर्टाने निकाल दिलेल्या गोष्टीत पडता येत नाही, खटला कसा चालवला यातही नाही. म्हणजे 'येऊ दिलं नाही' हा मुद्दा कोर्टात नेलात की तोच पुन्हा तिकडे नेता येणार नाही. काय कुठे न्यायचं हे आत्ताच ठरवायला सांगते ते याच्यासाठी. ओम्बड्समन माफी मागायला लावतील, थोडीफार भरपाई सुचवतील, काउन्सिलला कामाची पद्धत सुधारायला सांगतील. मुलं परत देणं त्यांच्या हातात नाही, कधीच नव्हतं.

सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. डिसेंबर २०१९पासून सोशल वर्करची नोंदणी तिच्याकडे आहे आणि खरोखर गैरवर्तन असेल तर तिथे जाता येतं. तिथे प्रश्न असतो तो ही व्यक्ती या पेशात राहायला लायक आहे का, एवढाच. तिने तुमचं असेसमेंट बरोबर केलं का, हे ते ठरवत नाहीत. पाच आठवड्यांवर सुनावणी असताना तिकडे अर्ज भरत बसू नका.

नवऱ्याचा आग्रह आहे सोशल वर्कर बदलून मागण्याचा. मागता येईल, पण तो हक्क नाही, आणि मला हा सल्ला पटत नाही. नवीन माणूस आला की तो आधी जुनी फाइल वाचणार, तीच फाइल. त्याला तुमची मुलं ओळखायला आठवडे जाणार आणि तुमचे २६ आठवडे पळत राहणार. शिवाय 'सोशल वर्करशी यांचं जमत नाही' हा शेरा फाइलवर बसणार. अगदीच बोलणं अशक्य झालं असेल तर टीम मॅनेजरना एवढंच म्हणा की पुढच्या भेटींना दुसरी एखादी व्यक्ती हजर राहील का. तेवढ्यानेही सूर बदलतो.

आता दीर. त्यांच्या मनात चांगलंच आहे, पण त्यांना आजच फोन करा आणि थांबवा. इंग्लंडमध्ये मुलांचे खटले बंद दाराआड चालतात. १९६०च्या ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस ॲक्टचं कलम १२ आणि चिल्ड्रेन ॲक्टचं कलम ९७ यांच्यामुळे कोर्टातली माहिती किंवा मुलांची ओळख, पत्ता, शाळा कळेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा किंवा कोर्टाचा अवमान ठरू शकतो. फेसबुक हे प्रसिद्ध करणंच आहे, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुपही सुरक्षित समजू नका. पोस्ट पुण्यातून टाकली म्हणून तुम्ही सुटत नाही, कारण कागद त्यांच्यापर्यंत गेले कुठून हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार. मी तुमच्या पत्रातले तपशील गाळले ते यासाठी. आधार आणि सल्ल्यासाठी खाजगीत कोणाशी बोलायला, किंवा संबंधित व्यक्तीविरुद्ध तक्रार करायला लागेल तेवढी माहिती द्यायला कोर्टाच्या नियमांत मुभा आहे. इंग्लंडमधल्या तुमच्या भागाच्या खासदारांनाही लिहिता येतं, पण तेही न्यायाधीशांना काही सांगू शकत नाहीत. कागदपत्रं कोणालाही पुढे पाठवण्याआधी सॉलिसिटरना विचारा. सुनावणीचं फोनवर रेकॉर्डिंग तर मुळीच नको, तो थेट अवमान आहे.

नॉर्वेचं उदाहरण लोक अर्धवटच सांगतात. २०११मध्ये तिथल्या एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारच्या ताब्यात गेली, आवाज दिल्लीपर्यंत पोचला हे खरं. पण २०१२मध्ये मुलं भारतात आली ती काकांच्या ताब्यात, आणि आईला ती मिळवायला भारतातही कोर्टात झगडावं लागलं, २०१३ उजाडलं. देशही वेगळा, कायदाही वेगळा. मुलं भारतीय नागरिक असतील तर लंडनच्या उच्चायुक्तालयाला कळवता येईल, तेही सॉलिसिटरमार्फत आणि कोर्टाला सांगून. त्यांचा माणूस परवानगी घेऊन सुनावणीला बसू शकतो. निकाल मात्र न्यायाधीशच देणार.

काउन्सिलला पाठवायचा कागद आता एका पानाचा करा. मजकूर साधारण असा, इंग्रजी सॉलिसिटर बघतील: 'माझी अमुक तारखेची तक्रार खटल्यामुळे थांबवल्याचं आपण कळवलंत. त्यातल्या कोणत्या मुद्द्यांमुळे खटल्याला बाधा येते ते कृपया मुद्देनिहाय कळवावं. मुलांचं जेवण, रद्द झालेल्या भेटी आणि भेटीची भाषा हे मुद्दे खटल्यापासून वेगळे करून आत्ताच सोडवावेत. सोशल वर्करच्या वागणुकीबद्दलचा मुद्दा मी खटला संपल्यावर पुन्हा मांडणार आहे, त्याची नोंद ठेवावी.' बस. विशेषणं नकोत, 'अन्याय' नको, 'मानवी हक्क' नको, सही आणि तारीख. चौदा पानं मागे घेतो म्हणायची गरज नाही, ती तिथे राहतीलच. पण त्यांच्यावर हे एक शांत पान चढू द्या. मोफत सल्ला हवा असेल तर फॅमिली राइट्स ग्रुप ही धर्मादाय संस्था इंग्लंडमधल्या आईवडिलांना नेमकी अशाच बाबतीत मदत करते.

शेवटी, ज्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण ज्याची घाई सर्वांत जास्त आहे ते. निकाल काहीही लागो, मुलं परक्यांपेक्षा नातेवाइकांकडे राहू शकतील का हे काउन्सिलने आधी बघायचं असतं. तुमची आई, सासूबाई, इंग्लंडमधली एखादी मावशी, बहीण, कोणीही पुढे येणार असेल तर त्यांची तपासणी व्हायला वेळ लागतो, आणि माणूस भारतात असेल तर आणखीच. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात नाव दिलं तर 'उशीर झाला' असं ऐकावं लागतं. दिरांना खरंच काही करायचं असेल तर चॅनेलवाल्यांचा नाद सोडून घरात कोण मुलं सांभाळायला तयार आहे ते विचारून यायला सांगा. नावं, पत्ते आणि पासपोर्टची माहिती सोमवारी सकाळी सॉलिसिटरच्या टेबलावर हवी.

तुमची,
ताई